नेपाळची सीमा, दिरांच्या नावावरची गाडी आणि सासूबाईंचं मुक्तिनाथ

खानदेशातल्या एका वाचक ताईंचं सविस्तर पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते.

गेल्या वर्षी ताई, त्यांचे पती, सासूबाई आणि सोळा वर्षांचा मुलगा असे चौघं गाडीने नेपाळमधल्या मुक्तिनाथाच्या मंदिराला निघाले. गाडी घरचीच, पण धाकट्या दिरांच्या नावावर, आणि दीर बरोबर नव्हते. सोनौलीच्या सीमेवर कागदांवरून अडलं. या खिडकीवरून त्या खिडकीवर फेऱ्या झाल्या, एक झेरॉक्स होती तर दुसरी नव्हती, वर ऊन. शेवटी एका मध्यस्थाने ‘साहेब, मी बघतो’ म्हणत रोख पैसे घेतले आणि थोड्या वेळाने एक चिठ्ठी हातात ठेवली. ती फक्त त्याच दिवसापुरती होती, हे तिसऱ्या दिवशी पुढच्या एका शहरात पोलिसांनी गाडी अडवली तेव्हा कळलं. दंड भरावा लागला आणि मुक्तिनाथ न करताच परत फिरावं लागलं. घरी आल्यावर पती भावाला म्हणाले, ‘तू कागद नीट दिले नाहीस.’ दीर म्हणाले, ‘मागितले कुणी होते?’ तेव्हापासून दोघा भावांत कामापुरतंच बोलणं आहे.

आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंनी पुन्हा मुक्तिनाथाचा ध्यास घेतला आहे. गुडघे दुखतात, म्हणून घरची गाडीच बरी असं ताईंना वाटतं. पतींचं म्हणणं, ‘नेपाळ म्हणजे आपलंच घर, तिथे कसले परवाने? जिथे चोरासारखं वागवतात तिथे मी गाडी नेणार नाही.’ ताई विचारतात: गाडी न्यावी की नाही? मध्यस्थाला पैसे देऊन मोकळं व्हावं, की ती लाच ठरते? आणि यांची समजूत कशी घालावी?

ताई,

तुमच्या पतींच्या त्या ‘आपलंच घर’पासून सुरुवात करते, कारण गेल्या वर्षीचा सगळा मनस्ताप मला तिथूनच आलेला दिसतो.

ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून आपल्याला तिकडे जायला आणि त्यांना इकडे यायला व्हिसा लागत नाही. १,७५१ किलोमीटरच्या या सीमेवरून रोज लोक बाजाराला जातात, लग्नाला जातात, दवाखान्यात जातात. सोनौलीच्या कमानीखालून माणसं पिशव्या घेऊन सरळ चालत पलीकडे जाताना तुम्ही पाहिलीच असतील. साहजिकच वाटतं की आपण असे चालत जाऊ शकतो, तर गाडीतून का नाही?

पण ही मोकळीक माणसांना आहे, गाडीला नाही. नेपाळच्या सीमाशुल्क खात्याच्या, म्हणजे भन्सारच्या नजरेत तुमची गाडी हा मौल्यवान माल आहे. नेपाळमध्ये मोटारींवर इतके कर आहेत की आपल्याकडची साधी गाडी तिथे मूळ किमतीच्या कितीतरी पट होऊन विकली जाते. समजा, भारतातून आणलेली गाडी कर न भरता आतच राहिली, विकली गेली, सुट्या भागांत गेली, तर सरकारचा मोठा महसूल बुडतो. म्हणून खिडकीपलीकडच्या कारकुनाला एकच गोष्ट पक्की करायची असते: आज आत येणारी ही गाडी ठरल्या दिवशी बाहेर जाणार आहे ना, आणि नाही गेली तर कुणाला धरायचं?

हे लक्षात घेऊन गेल्या वर्षीचा प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणा. गाडी एकाच्या नावावर, चालवणारा दुसरा, आणि मालकाने परवानगी दिल्याचा एकही कागद नाही. त्या कारकुनाने तुम्हाला चोर समजलं नव्हतं. पण चोरीची गाडी घेऊन येणाराही त्याच खिडकीवर उभा राहतो आणि तोही ‘गाडी भावाची आहे’ असंच सांगतो. दोघांतला फरक कागदाशिवाय त्याने कसा ओळखायचा? आपल्या देशातही एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नव्याने नोंदणी करावी लागते. तिथे आपल्याला कुणी अपमान केला असं वाटत नाही. नेपाळची खासगी गाडी भारतात आणायची तर त्यांनाही परवाना घ्यावा लागतोच.

आणि एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलते, रागावू नका. ‘नेपाळ म्हणजे आपलंच’ हे आपण प्रेमाने म्हणतो, पण ऐकणाऱ्याला ते प्रेम वाटेलच असं नाही. तो वेगळा देश आहे, त्याचं स्वतःचं सरकार आहे, स्वतःचे नियम आहेत, आणि तिथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे. खिडकीवर ‘अरे, आपलीच माणसं, कशाला कागद मागता’ असं म्हटलं की समोरच्या माणसाला आपण त्याच्या कामाला किंमत देत नाही असं वाटतं आणि काम अडतं. ‘नमस्ते दाजू, आम्ही पहिल्यांदाच आलोय, काय काय लागेल?’ एवढं विचारलं की बहुतेक जण नीट सांगतात. हिंदी तिथे बहुतेकांना कळते.

आता मध्यस्थाबद्दल. तुम्ही विचारलंत, ही लाच का? याचं सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देणार नाही, कारण मध्यस्थ या एका नावाखाली तिथे दोन वेगवेगळी कामं चालतात. एक माणूस तुमच्यासाठी फॉर्म भरतो, रांगेत उभा राहतो, कुठल्या खिडकीवर जायचं ते दाखवतो आणि त्याची मजुरी घेतो. आपल्याकडे आरटीओच्या बाहेर बसणारे लोक हेच करतात. त्यात लाच नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील, ऊन असेल, तर अशी मदत घ्यायला मला काहीच गैर वाटत नाही. दुसरा माणूस ‘पावतीची गरज नाही’, ‘सगळं माझ्यावर सोडा’, ‘इतके दिवस कशाला दाखवता, कमीत होईल’ असं म्हणतो. तो तुमचा कागद वाचवत नाही, स्वतःच्या खिशात पैसे टाकतो, आणि धोका तुमच्या गाडीवर ठेवतो. गेल्या वर्षी तुम्हाला दुसरा भेटला. दिवसभरात जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी नोंद असते, सीमेलगतच्या लोकांच्या ये-जासाठी. तुमच्या हातात तीच दिली गेली असावी. पुढच्या शहरात मुक्काम करणाऱ्या गाडीला ती चालतच नाही.

म्हणून मध्यस्थ घ्यायचा झाला तर त्याची मजुरी आधी ठरवा, आणि सरकारी शुल्काचे पैसे त्याच्या हातात देऊ नका. त्याच्याबरोबर खिडकीवर स्वतः जा, शुल्क स्वतः भरा, पावती स्वतः घ्या. पावतीवरची रक्कम आणि तुम्ही दिलेली रक्कम जुळली पाहिजे. हे करायला जो नको म्हणेल त्याला तिथेच नमस्कार करा.

खरं सांगायचं तर तुम्हाला मध्यस्थाची फारशी गरजच नाही, आणि याचं कारण मराठी वाचकांनी विशेष लक्षात घ्यावं. तिथला फॉर्म आणि पावती नेपाळीत असते, म्हणजे देवनागरीत. तामिळनाडूहून किंवा बंगालमधून आलेल्या कुटुंबाला ती वाचता येणार नाही, तुम्हाला येते. नाव, गाडीचा क्रमांक, किती दिवस, कोणत्या तारखेपर्यंत, किती रुपये, हे सगळं तुम्ही खिडकीपाशीच वाचू शकता. गेल्या वर्षी ती चिठ्ठी घडी करून डॅशबोर्डवर न ठेवता दोन मिनिटं वाचली असती तर घोळ तिथेच कळला असता. हे टोचावं म्हणून लिहीत नाही. चार तास उन्हात काढल्यावर हातात आलेला कागद कोण वाचत बसतं? पण या वेळी वाचायचा.

वाचताना एक अडचण येईल ती तारखेची. नेपाळच्या सरकारी कागदावर विक्रम संवत असतो, आपल्या नेहमीच्या सनाच्या साधारण ५७ वर्षं पुढे. त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं आणि महिने सौर असतात, कुठला २९ दिवसांचा तर कुठला ३२ दिवसांचा. त्यामुळे आपल्या कालनिर्णयातल्या आश्विनाशी त्यांचा असोज जुळवायला जाऊ नका, जुळणार नाही. कारकुनाला शेवटच्या दिवसाची इंग्रजी तारीख शेजारी लिहून द्यायला सांगा आणि वारही विचारून घ्या. वार दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून ‘मंगळवारपर्यंत’ एवढं कळलं तरी चूक होत नाही.

दिवस मोजताना आत शिरता तो दिवसही धरला जातो, दुपारी चार वाजता शिरलात तरी. शुल्क दर दिवसाप्रमाणे आणि वाहनाच्या प्रकाराप्रमाणे आकारतात. सहा दिवसांचा बेत असेल तर आठ दिवसांचं भरा. पोखऱ्याच्या वाटेवर बुटवलच्या वरचा सिद्धबाबाचा भाग दरडींसाठी बदनाम आहे. डोंगरात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि दोन जादा दिवसांचं शुल्क दंडापेक्षा आणि मनस्तापापेक्षा फारच स्वस्त पडतं. तरीही मुक्काम वाढलाच तर मुदत संपण्याच्या आत जवळच्या भन्सार कार्यालयात जाऊन वाढवून घ्या. मुदत उलटल्यावर बोलणी अवघड होतात. खासगी परदेशी गाडीला वर्षभरात मिळून ३० दिवसांची मर्यादा आहे. तुमच्यासाठी ती भरपूर आहे, पण जे वाचक वर्षातून दोन-तीनदा जातात त्यांनी आधीच्या फेऱ्यांचे दिवस धरून हिशेब करावा.

आता कागद. गाडीचं आरसी मूळ स्वरूपात, स्मार्ट कार्ड असेल तर ते. मोबाइलमधलं डिजिलॉकर आपल्या वाहतूक पोलिसांना चालतं, सीमेपलीकडे त्याच्या भरवशावर जाऊ नका. चालवणाऱ्याचं लायसन्स, आपलं भारतीयच चालतं. विमा, पीयूसी. या सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स घरूनच काढून न्या, कारण सीमेवर झेरॉक्सच्या दुकानापुढेही रांग असते. भन्सारनंतर वाहतूक खात्याचा मार्ग-परवाना घ्यायचा असतो. तिथे त्याला यातायातचा परवाना म्हणतात. भन्सारची पावती मिळाली की झालं असं समजून बरेच जण निघतात आणि पुढे अडतात. तेव्हा पावती घेताना ‘आता यातायातचं कुठे?’ हे विचाराच.

आणि मालकाचं अधिकारपत्र. दिरांनी लिहून द्यायचं की अमुक क्रमांकाची गाडी माझी आहे, माझे थोरले बंधू अमुक हे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ती नेपाळमध्ये नेत आहेत आणि माझी त्याला संमती आहे. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, नोटरी करून घ्या, दिरांच्या ओळखपत्राची सही केलेली झेरॉक्स जोडा. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर हेच पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह. भाड्याने घेतलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी न्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर आधी करार वाचावा, देशाबाहेर न्यायला बहुधा मनाई असते. पिवळ्या पाटीच्या गाडीचे नियम वेगळे, ते त्या चालकालाच पाहू द्या. इराणसारख्या देशांत गाडी नेणाऱ्यांना लागतं तसं कार्ने नावाचं हमीपुस्तक नेपाळसाठी लागत नाही. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

विम्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण खिडकीवर याबद्दल सहसा कुणी विचारत नाही आणि म्हणूनच ते राहून जातं. तुमची पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळमध्ये अपघात झाला तर ती लागू होईलच असं धरू नका. मोटार विम्यात भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याची सोय आहे. आयएमटी-१ या क्रमांकाची ती पुरवणी असते आणि तिच्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान हे देश येतात. थोडा जादा हप्ता भरून ती पॉलिसीला जोडून मिळते. निघण्यापूर्वी पंधरा दिवस आधी विमा कंपनीला लेखी कळवा, कारण शाखेतल्या माणसाला ही पुरवणी रोज द्यावी लागत नाही आणि त्याला शोधायला वेळ लागतो. परवाना नसेल तर दंड होतो. विमा नसेल आणि कुणाला इजा झाली तर घर विकायची वेळ येऊ शकते. माझ्या लेखी हा सगळ्यांत महत्त्वाचा कागद आहे.

माणसांच्या ओळखपत्रांत तुमच्या घरात चौघांचे तीन प्रकार होतात, तेवढं पाहून घ्या. तुम्हाला आणि पतींना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. नेपाळ प्रवासासाठी आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या भारतीयांचं ग्राह्य धरलं जातं, म्हणजे सासूबाईंचं चालेल, तुमचं नाही. मुलगा मधल्या वयातला. त्याच्याकडे पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडून विहित नमुन्यातलं ओळखीचं प्रमाणपत्र आणा. रस्त्याने जाताना इतकी काटेकोर तपासणी दर वेळी होत नाही, पण अचानक विमानाने परतायची वेळ आली तर हीच कागदपत्रं लागतील, आणि आजारी माणूस बरोबर असेल तर अशी वेळ येऊ शकते.

पैशांचं सोपं आहे. एक भारतीय रुपया म्हणजे १ रुपया ६० पैसे नेपाळी, हा दर ठरलेलाच असतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. म्हणून मी तरी शंभराच्याच नोटांचं बंडल न्यायला सांगेन, त्या सर्वत्र चालतात. शुल्कासाठी सीमेवरच थोडे नेपाळी रुपये करून घ्या.

आता मुख्य प्रश्न, गाडी न्यायची का. इथे तुमच्याही मनातला एक समज जरा तपासून पाहावासा वाटतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून घरची गाडी बरी, असं तुम्ही धरून चालला आहात. पोखऱ्यापर्यंत ते खरं आहे. त्यांना हवं तेव्हा थांबता येतं, मागच्या सीटवर पाय पसरता येतात, औषधं आणि डबे हाताशी राहतात. पण पोखऱ्याच्या पुढे बेनी, मग काली गंडकीच्या काठाने जोमसोम आणि वर मुक्तिनाथ, हा रस्ता आपल्या सखल भागातल्या चालकाने आपल्या छोट्या गाडीने करावा असा नाही. त्या रस्त्यावर रोज गाडी चालवणारे लोक तिथे आहेत, त्यांच्या जीपची उंची आणि चाकं त्या रस्त्याला साजेशी असतात. शिवाय मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्याही वर आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिथे प्रश्न गुडघ्यांपेक्षा श्वासाचा असतो. डॉक्टरांना आधी दाखवा, आणि वर एका दमात न जाता जोमसोम किंवा मार्फाला रात्र काढा. जीप थांबते तिथून मंदिरापर्यंतही चढ आणि पायऱ्या आहेत. घोडे मिळतात, पण गुडघ्यांचं दुखणं असलेल्या माणसाला घोड्यावर बसवणं-उतरवणं सोपं नसतं, तेव्हा मुलगा बरोबर असलेला बरा. पोखऱ्याहून जोमसोमला छोटी विमानंही जातात, सकाळी लवकर, कारण दिवस वर आला की त्या खोऱ्यात जोरदार वारा सुटतो. हवामानाने उड्डाण रद्द झालं तर हाताशी एखादा दिवस शिल्लक हवा. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा माणसांसाठीचा परवाना पोखऱ्यात मिळतो, सार्क देशांतल्या लोकांना तो कमी दरात असतो.

म्हणजे मधला मार्ग असा: घरच्या गाडीने पोखऱ्यापर्यंत, गाडी हॉटेलच्या आवारात, आणि पुढे स्थानिक जीप किंवा विमान. फक्त एक लक्षात असू द्या, गाडी पोखऱ्यात नुसती उभी असली तरी भन्सारचे दिवस चालूच राहतात. वर जायचे-यायचे दिवसही आधीच भरायचे. आणि गाडी तिथेच ठेवून काठमांडूहून विमानाने घरी यायचं, असं काही कुणी सुचवलं तर ऐकू नका. जी गाडी आत आली ती बाहेर गेल्याची नोंद व्हायलाच हवी.

दुसरा पर्यायही मोकळ्या मनाने विचारात घ्या. भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून टॅक्सीने सोनौली, कमान पायी ओलांडायची आणि पलीकडे नेपाळी गाडी करायची. भन्सार नाही, यातायात नाही, दिवसांचा हिशेब नाही. सासूबाईंना रेल्वेत आडवं होता येतं, जे खानदेश ते गोरखपूर या मोटारीच्या लांब प्रवासात होत नाही. नेपाळच्या डोंगरात तिथलाच चालक असतो. तुमच्या पतींना परवान्यांचा इतका तिटकारा असेल तर हा पर्याय म्हणजे हार मानणं नव्हे. माझं मत विचाराल तर, सासूबाईंची तब्येत पाहता मी हाच निवडेन. पण त्यांना ‘आपल्या गाडीतून मुलाने नेलं’ याचं समाधान मोठं वाटत असेल, तर ते मी इथे बसून मोजू शकत नाही. त्यांनाच विचारा. पत्रात त्यांचं म्हणणं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

कधी जावं, हेही सांगते. नवरात्रात नेपाळचा दशैं असतो, त्यांचा सगळ्यांत मोठा सण. भारतात कामाला असलेले लाखो नेपाळी लोक त्या दिवसांत घरी परततात, सीमेवर आणि डोंगरातल्या रस्त्यांवर गर्दी उसळते, कार्यालयांना सुट्ट्या असतात. दशैं कोजागिरीला संपतो. आपल्या दिवाळीत त्यांचा तिहार. कोजागिरीनंतरचे आणि दिवाळीआधीचे दहा-बारा दिवस तुम्हाला सोयीचे पडतील, तेव्हा पाऊसही बहुधा ओसरलेला असतो. शनिवारी तिथे साप्ताहिक सुट्टी असते, सीमा ओलांडायला तो वार धरू नका. गोरखपूरला मुक्काम करून सकाळी लवकर सोनौलीला पोचा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे.

राहिले तुमचे पती. त्यांना पटवायला वरचे नियम वाचून दाखवाल तर मला वाटतं उपयोग होणार नाही. पत्र पुन्हा वाचताना माझं लक्ष एका ओळीवर थांबलं. पोलिसांनी गाडी अडवली तेव्हा सासूबाई आणि मुलगा मागे बसले होते आणि ‘हे काहीच बोलले नाहीत, नुसते पैसे काढून दिले’ असं तुम्ही लिहिलंत. आईला देवाला न्यायला निघालेला मुलगा, पोराच्या देखत, परक्या गावात गप्प उभा राहिला. त्यांचा राग नेपाळवर किंवा परवान्यावर जेवढा आहे त्याहून जास्त त्या क्षणावर असावा, आणि भावावर निघाला तोही तोच. अशा माणसाला ‘तुम्ही कागद वाचला नाहीत’ म्हटलं की जखम उघडते. त्यापेक्षा त्यांना म्हणा, ‘त्या दिवशी तुम्हाला एकट्याला सगळं पाहावं लागलं. या वेळी कागदांचं मी बघते, तुम्ही गाडी बघा.’ आणि खरंच तसं करा. फाइल तुमच्याकडे, खिडकीवर तुम्ही आणि मुलगा. सोळा वर्षांच्या मुलाला असली कामं आवडतात आणि जमतातही. पती आईजवळ सावलीत बसू देत.

एवढं करूनही ते नको म्हणाले तर ओढून नेऊ नका. त्यांच्या मनाविरुद्ध गाडी काढलीत तर पहिल्या नाक्यावर कुणी थांबवलं की गेलं वर्ष परत सुरू होईल. रेल्वेने तुम्ही, सासूबाई आणि मुलगा असे तिघंही जाऊ शकता. तसं स्पष्ट सांगा, धमकीच्या सुरात नव्हे. कदाचित तेच म्हणतील, मीही येतो.

दिरांकडून अधिकारपत्र मात्र पतींनीच मागावं असा माझा आग्रह आहे. तुम्ही मागितलंत तर कागद मिळेल, पण दोघांतलं अंतर तसंच राहील. ‘मागितले कुणी होते?’ असं दीर म्हणाले होते, त्यात राग होता तसाच थोडा खरेपणाही होता. या वेळी कुणीतरी मागतंय, आणि तो थोरला भाऊ आहे. नोटरीकडे दोघांनी एकत्र जावं लागेल अशी वेळ तुम्ही जुळवून आणू शकता. गेल्या वर्षी कोण चुकलं यावर त्या दिवशी कुणी बोलू नये, एवढं सासूबाईंना सांगून ठेवा. ते त्यांचं ऐकतील. दोघं मनमोकळं बोलतील की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही. कधीकधी भाऊ फक्त सही करतात आणि चहा पिऊन निघून जातात. तेवढंही चालेल.

गाडी नेलीतच तर परतताना घाई करू नका. भारतात शिरायच्या ओढीने कित्येक जण भन्सारच्या चौकीवर न थांबता सरळ कमानीतून बाहेर येतात, आणि त्यांच्या गाडीची नोंद ‘आत’ अशीच राहते. पुढच्या वेळी तोच क्रमांक त्या खिडकीवर गेला की थकलेल्या दिवसांचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा सोनौलीसमोर नेपाळच्या बाजूला असलेल्या बेलहियाला थांबा, पावती परत करा, गाडी बाहेर गेल्याची नोंद समोर करून घ्या आणि पावतीचा फोटो आधीच काढून ठेवा. गेल्या वर्षीच्या दंडाची पावती सापडली तर तीही या वेळच्या फाइलमध्ये ठेवा. खिडकीवर जुना विषय निघालाच, तर दंड भरलेला आहे हे लगेच दाखवता येईल.